पंचफुलेची आत्या

सरूआत्याच्या पाठीत मी आयुष्यात दोनदा गुद्दा घातला आणि दोन्ही वेळा तिनं मागे वळून मला सुनावलं, "मास्तरीणबाई, तुमच्या हातात जोर नाई. घरी जेवता का नुसता चहा पेता?"

अमरावतीच्या बुधवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्या काळी तिच्या पाठीत गुद्दा घातला नाही अशी बाई शोधूनही सापडली नसती. बारशाची रीत आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. बाळाच्या बापाची बहीण, म्हणजे आत्या, पाळण्यावर वाकते, बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते, नाव सांगते, आणि ती वाकलेली असतानाच बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घालून घेतात. पण सगळ्यांच्या घरी आत्या असतेच असं नाही. कुणाचा बाप एकुलता एक, कुणाची बहीण लांब बऱ्हाणपुराला, कुणाची जवळच पण रुसलेली. अशा सगळ्या घरांची आत्या म्हणजे सरूआत्या. खऱ्या आत्या पाठ चोरून मार चुकवायच्या. ही पाय रोवून उभी राहायची आणि मार कमी पडला तर तिथल्या तिथे तक्रार करायची.

मी तेव्हा मुलींच्या प्राथमिक शाळेत नुकतीच लागले होते आणि तिच्या घरासमोरच्या खोलीत राहत होते. आत्या उंच, हाडापेरानं मोठी, नऊवारी लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, आणि चालणं असं की कुणाच्या तरी घरी आग लागली आहे. प्रत्यक्षात कुणाच्या तरी घरी बाळंतीण असायची. ओवा-शेपाच्या धुरीचा वास तिला गल्लीच्या त्या टोकावरून यायचा. बाईला सातवा लागला की आत्याची पहिली फेरी व्हायची. तब्येत कशी आहे, पायावर सूज आहे का, हे विचारणाऱ्या बायका वेगळ्या. आत्या उंबऱ्यावर बसायची आणि विचारायची, "नाव ठरलं का?"

ठरलं नसेल तर तिच्याकडे एक नाव तयार असे. ठरलेलं असेल तरी असे. पोरगी झाली तर पंचफुला.

आज हे नाव वाचून कुणी हसेल. तेव्हाही हसायचे. खेड्यापाड्यांत पंचफुला चिकार होत्या, पण सगळ्या साठीच्या पुढच्या. अमरावतीसारख्या शहरात शोभा, उषा, लता, नलिनी यांचे दिवस आले होते. माझं नाव कुसुम आहे हे कळल्यावर आत्यानं मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कुसुम म्हंजे फूलच ना? अन् एकच? आमच्या नावात पाच आहेत."

आमच्या म्हणजे खरोखरच आमच्या. आत्याचं माहेरचं नाव पंचफुला होतं. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहिलं ते सरस्वती, आणि त्या दिवसापासून पंचफुला संपली. तिचे यजमान, नानाजी, कापसाच्या जिनात काट्यावर वजन करायला होते. अत्यंत गरीब माणूस. बायकोनं हा विषय काढला की ते तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेत आणि दर वेळी तेच म्हणत, "आईनं सांगतलं ते म्या लेहलं. मले कुठी मालूम होतं का आधीचं बी नाव आहे म्हनून!"

"आधीचं नाव नसन तं का अठरा वर्स मले 'ओ पोरी' म्हनत होते?" आत्या विचारायची.

नानाजी तिला जन्मभर "ओ" म्हणूनच हाक मारत आले, त्यामुळे हा प्रश्न त्यांना कधी अडला नाही.

तिला त्या नावाचा एवढा सोस का होता हे मला बरेच दिवस समजलं नाही. मी तो हट्टी स्वभावाचा भाग धरून चालले होते. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी आम्ही दोघी तिच्या ओसरीवर तूर निवडत बसलो असताना तिनं आपणहून सांगितलं. तिच्या आईला तिच्याआधी चार लेकरं झाली, चारही सटी पुजायच्या आत गेली. अशा घरात पुढचं मूल जगावं म्हणून त्याला मुद्दाम वंगाळ नाव ठेवायची चाल होती. धोंडी, दगडी, उकिर्डी. असलं नाव ऐकून मरणानं तोंड फिरवावं एवढीच त्यात अपेक्षा. आत्याच्या आजीनं उकिर्डी हे नाव नक्की केलं होतं. बाळंतिणीनं खाटेवरून सांगितलं, "गेली ते चार फुलं होते. हे पाचवं आहे. उकिर्डी म्हनाल तं मी इहिरीत जाईन." म्हणून पंचफुला.

"त्या चौघांयचं नाव कोठीच नाई बाई," आत्या म्हणाली. "ना कोनाच्या तोंडात, ना कोठी लेहलेलं. माह्या नावात आहेत तेवढेच. अन् मले लेकरू नाई. मी मेली का पाचीचे पाची गेले समजा." मग तिनं सूप झटकलं आणि मला ओरडली, "खडे कोनाच्या बापासाठी ठेवून राहिल्या तुमी डायीत?"

मला तिच्याविषयी त्या दिवसापासून माया वाटायला लागली. तिचा उपद्रव मात्र कमी झाला नाही.

नावांवर बोलताना तिच्या जिभेला हाड नसे. लता? "लता म्हंजे वेल. मांडव भेटला तं चढन, नाईतं पडून राहीन." उषा? "सकाय तं रोजच होते, त्याचं काय कवतिक." शोभा? "तोरनाले शोभा असते. पोरीले अक्कल पाह्यजे." हे सगळं ती बाळंतिणीच्या तोंडावर बोलायची आणि मग तिच्याच हातचा डिंकाचा लाडू खाऊन उठायची. पण एक गोष्ट मी तिच्या बाजूनं सांगेन. भांडाभांडी काय ती पाळण्याच्या आधी. एकदा आईबापांनी नाव सांगितलं की कानात तेच जायचं. मी एकदा गमतीनं म्हटलं, "आत्या, कानात काय सांगितलं ते कुणाला ऐकू येतंय? द्या ठोकून पंचफुला." तर माझ्यावर असे डोळे वटारले तिनं! "दुसऱ्याच्या लेकराच्या कानात चोरी करू मी? मी आत्या आहो का कोन आहो?"

अशा सरळपणामुळे चार-पाच वर्षांत तिचं नाव एकाही पोरीला लागलं नाही.

हक्काचं घर एकच होतं, अकोल्याला धाकट्या भावाचं. आत्याच्या पाठीवर झालेला हा भाऊ जगला, वाढला, जुन्या शहरात त्यानं म्हशी ठेवल्या. त्याला पहिली मुलगी झाली तेव्हा आत्या पंधरा दिवस जमिनीवर नव्हती. माझी मावशी अकोल्याला होती म्हणून मीही सोबत निघाले. बडनेऱ्याहून पॅसेंजरमध्ये बसल्यापासून मूर्तिजापूरपर्यंत तिनं डब्यातल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं की भाचीचं नाव पंचफुला ठेवायला जाते आहे.

भावजय नागपूरची, सातवी शिकलेली. तिला नणंदेची पूर्ण माहिती होती. पाळण्याजवळ आत्या वाकायला गेली तर भावजयीनं बाळाच्या कानावर तळहात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, "ताई, आधी मोठ्यानं सांगा बरं, कोणतं नाव सांगणार?"

भाऊ दारात उभा राहून छताकडे बघत होता.

"नलिनी," आत्या म्हणाली. एरंडेल पिऊन झाल्यावर करतात तसं तोंड करून.

"मग सांगा," म्हणून भावजयीनं हात काढला. नलिनी कानात गेली, गुद्दे पडले, घुगऱ्या वाटल्या. आत्या ओटीत घुगऱ्या घेऊन मागच्या दारानं बाहेर गेली ती बराच वेळ येईना. मी शोधायला गेले. गोठ्यात आठ दिवसांची वगार होती. आत्यानं तिचा कान धरला होता आणि त्यात अगदी विधिवत 'कुर्रर्र' चाललं होतं.

"बाई, बरं झालं आल्या," ती म्हणाली. "घाला माह्या पाठीत दोन. नाईतं बारसं पुरं होनार नाई."

मी हसून हसून खाली बसले, माझ्यानं काही गुद्दा घालवला नाही. शेवटी म्हशीनंच शेपटीचा एक फटका दिला, त्यावर तिनं भागवलं. पुढची गंमत अशी की ती वगार दुसऱ्या कुठल्याही हाकेला ओ देईना. भावजयीनं चंद्री म्हणून पाहिलं, गौरी म्हणून पाहिलं. अकोल्याहून कुणी आलं की आत्याला निरोप असायचा, नलिनी बरी आहे, पंचफुला गाभण आहे. पुढे पंचफुला दोन्ही वेळचं चांगलं भांडंभर दूध द्यायला लागली आणि सातवी शिकलेल्या भावजयीला रोज सकाळ-संध्याकाळ अंगणात उभं राहून "पंचफुला, ये वो माय, ये" असं आळवावं लागलं. आत्या हे ऐकून पोट धरून हसायची. मग जरा वेळानं म्हणायची, "पन ते म्हैस आहे बाई."

तिचं नशीब उघडलं ते शांताबाईंच्या घरी. शांताबाईंच्या यजमानांचं कापडाचं दुकान होतं आणि घरात ओळीनं दोन मुली. तिसरीही मुलगी झाली तेव्हा घरात कुणाला नाव सुचवायचाही उत्साह उरला नव्हता. आत्या पहिल्या फेरीला गेली तर शांताबाईंची सासू म्हणाली, "ठेव तुले जे ठेवाचं ते." आत्यानं दोनदा विचारून खात्री केली. बारशाच्या दिवशी तिनं कानात नाव सांगितलं ते गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या चक्कीपर्यंत ऐकू गेलं. मी पहिला गुद्दा घातला तो त्याच दिवशी.

सव्वा वर्षानं शांताबाईंना मुलगा झाला.

इथं आत्याचा काही दोष नाही. मुलाच्या बारशात शांताबाईंची सासूच चार बायकांत म्हणाली, "पंचफुलेनं पाठीवर भाऊ आनला." एवढंच. पण बायका घरी पोचेपर्यंत त्यात भर पडली होती. दोन दिवसांनी तीन मुलींची एक आई आत्याच्या ओसरीवर येऊन बसली. शहाणी बाई, नवरा वकिलाकडे लेखनिक. तिनं पुरावाच मांडला. "आत्या, तुमचं माहेरचं नाव पंचफुला. तुमच्या पाठीवर काय झालं? भाऊ! शांताबाईच्या पोरीच्या पाठीवर काय झालं? भाऊ! अन् तुमच्या भावाच्या घरी त्या म्हशीले..."

"टोनगा झाला," आत्या म्हणाली. खरोखरच झाला होता.

"मंग!" बाई उठलीच.

मी समोरच्या खोलीतून हे सगळं ऐकत होते. बाई गेल्यावर मी रस्ता ओलांडून आले. "आत्या, हे खरं आहे का?"

"मी कुठी म्हटलं खरं आहे?"

"खोटं आहे असंही नाही म्हटलं."

"मले कोनं इचारलं का खोटं आहे का म्हनून?" असं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

त्यानंतर दोन-तीन वर्षं आमच्या आणि शेजारच्या गल्लीत पंचफुलेचं जे पीक आलं त्याला तोड नाही. ज्या घरांनी तिला नावावरून हसून परत पाठवलं होतं ती घरं बोलवायला येऊ लागली. पहिल्याच मुलीलाही खबरदारी म्हणून पंचफुला ठेवायचे. उषाची पंचफुला झाली, एका सुशीलेची तर तिसऱ्या वर्षी झाली. सगळ्या मिळून सात. योगायोग असा की त्यांतल्या चौघींच्या पाठीवर मुलगेच झाले, तिघींच्या पाठीवर अजून काही झालं नव्हतं. संध्याकाळी कुणी दारातून "पंचफुले!" म्हणून ओरडलं की सहा घरांतून पोरी धावत यायच्या, आणि सातवी रांगत. आत्या त्या वेळी ओसरीवर हजर असायचीच. दिवसभरात काहीही बिनसलेलं असो, ती हाक ऐकली की तिचा चेहरा उजळायचा.

माझ्या शाळेत यशोधराबाई म्हणून शिक्षिका होत्या. धर्मांतरानंतर त्यांच्या वस्तीत घरोघर नावं बदलली होती. एका रविवारी त्या माझ्याकडे चहाला आल्या असताना आत्या आली आणि सवयीप्रमाणे विचारती झाली, "नाव लय मोठं आहे वो. कोनं ठेवलं?"

"म्याच," यशोधराबाई म्हणाल्या. "बावीस वर्साची असताना."

आत्याचा हात कपासकट थांबला. "तुमीच? मंग कानात कोन बोललं?"

"कोनीच नाई. आरशासमोर उभी राहून मीच मोठ्यानं म्हटलं."

"अन् गुद्दे?"

"नाई पडले."

"बाप्पा! म्हंजे बारसं अर्धं राहून गेलं तुमचं," आत्या म्हणाली आणि कप खाली ठेवून तिनं यशोधराबाईंच्या पाठीत रीतसर तीन गुद्दे घातले. यशोधराबाई आधी चकित झाल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आत्यानं विचारलं, आधीचं नाव काय होतं. त्या म्हणाल्या, दगडी. वरचे दोन भाऊ गेले होते म्हणून.

"मरनाले फसवाले ठेवलं होतं ते," त्या म्हणाल्या. "माह्यासाठी नव्हतंच. बावीस वर्स वागवलं. दुसऱ्याच्या कामासाठी ठेवलेलं नाव लय जड होते आत्या."

आत्या चहा अर्धा टाकून घरी गेली. मला वाटलं, तिला तिची आजी आठवली असेल.

सातवी पंचफुला जिजाकाकूंच्या घरची. जिजाकाकू म्हणजे गल्लीतली सगळ्यात कडक सासू आणि त्यांची सून वत्सला सगळ्यात मऊ सून. वत्सलेच्या दुसऱ्या मुलीला जिजाकाकूंनी आग्रहानं पंचफुला ठेवलं होतं आणि तीन वर्षं नातवाची वाट पाहिली होती. दिवाळीनंतर वत्सला बाळंत झाली. मुलगी.

नवस फळला नाही की माणूस देवाला बोल लावत नाही, पुजाऱ्याला लावतो. इथं पुजाऱ्यापर्यंत जायलाही जिजाकाकूंना वेळ नव्हता, घरातच दोघी सापडल्या. वत्सलेशी बोलणं बंद झालं. तान्हीचं बारसं घालायचं नाही असं ठरलं. आणि तीन वर्षांची पंचफुला रातोरात शोभा झाली, कारण ते नाव घरात नको.

आत्या बाळंतिणीला बघायला गेली, मीही होते. जिजाकाकू पोरांना तिळाचे लाडू वाटत होत्या. ती तीन वर्षांची पोर हात पुढे करून उभी राहिली. जिजाकाकूंनी तिच्या हातावर चापट मारली. "तुले कायचा लाडू? तूनं भाऊ आनला का?"

पोरगी रडली नाही. तिला नेहमीचंच असावं. तिनं हात मागे घेतला आणि फ्रॉकला पुसला.

आत्या उठून तडक घरी आली. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. नानाजी मुकाट्यानं मुरमुरे खाऊन बसले होते. मला तिचा राग आला होता आणि कीवही येत होती, पण सांत्वन करायची माझी इच्छा नव्हती. ती पोर हात पुसते आहे हे मला सारखं दिसत होतं, आणि तिलाही दिसत असणार.

चार दिवसांनी शांताबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दोन्ही गल्ल्यांतल्या बायका जमल्या होत्या. आत्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"आयका वो सगळ्याजनी. नावानं पोरगा होत नाई. ज्याइले झाले ते होनारच होते. मले पयल्या दिवसापासून मालूम होतं."

शांताबाईंच्या हातात कुंकवाची कोयरी तशीच राहिली. "बाप्पा! मंग सांगतलं कावून नाई?"

"कावून का मले माह्यं नाव पाह्यजे होतं. मले वाटलं, कशानं का होईना, ठेवून तं राहिले. चूक माही आहे. त्या पोट्टीची नाई, अन् वत्सलेची तं नाईच नाई."

"म्हंजे तीन वर्स तुमी आमाले बह्याड बनवलं?" लेखनिकाची बायको ओरडली.

"बनवलं नाई. बनत होत्या, तं बनू देल्लं," आत्या म्हणाली. असल्या वेळीही तिला ते बोलल्याशिवाय राहवलं नाही. मग ती जिजाकाकूंकडे वळली. "जिजे, परवाच्या दिवशी तुह्या तान्हीचं बारसं आहे. नाई घातलं तं तुह्या दारात येऊन बसते, अन् येनाऱ्या-जानाऱ्याले कावून बसली ते सांगते."

बारसं झालं. वत्सला पाळण्याशी बसली होती. आत्या तिच्यासमोर उकिडवी बसली आणि तिनं विचारलं, "तुले कोनतं आवडते?" वत्सला सासूकडे बघायला लागली तशी आत्या म्हणाली, "तिकडे नको पाहू. तुले इचारून राहिली." वत्सला कसंबसं "सुधा" म्हणाली. इतक्या वर्षांत आत्यानं एखाद्या नावावर काहीच टोमणा न मारल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. ती वाकली, 'कुर्रर्र' केलं, सुधा म्हणाली. मागे सगळ्या बायका हात बांधून उभ्या होत्या. कुणीच पुढे येईना. मग जिजाकाकू पुढे झाल्या आणि त्यांनी असा एक गुद्दा घातला की आत्याला ठसका लागला. तो पडला आणि बाकीच्यांनी तीन वर्षांचा हिशेब चुकता केला. माझा दुसरा गुद्दा त्याच गर्दीतला. आत्या सरळ होऊन, पाठ चोळत, माझ्या हातात जोर नसल्याचं सांगून गेली.

महिन्याभरात सगळ्या पंचफुला मावळल्या. आणखी दोघी शोभा झाल्या, एक माला, एक पुन्हा उषा, एक पुन्हा सुशीला. शांताबाईंनी आपल्या मुलीचं नाव शाळेत घालताना मंगला लिहिलं. बायका आत्याशी बोलायला लागल्या, पण बारशाला पूर्वीसारखं कुणी बोलवेना. तीही सातव्या महिन्याच्या फेरीला जाईना. सगळ्या मुलींना ती नव्या नावानं हाक मारायची, एकदाही चुकायची नाही. मी एकदा विचारलं, "वाईट वाटतं का हो?"

"वाटते," ती म्हणाली. "पन पोट्टीले लाडू भेटते आता."

अशीच तीन वर्षं गेली. माझी बदली अकोल्याला झाली. जाण्यापूर्वीच्या आठवड्यात नव्या मुलींची नावं दाखल करून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. पावसाळा तोंडावर आला होता, शाळा नुकतीच उघडली होती, शेजारच्या वर्गात हजेरी चालली होती. दारात आत्या उभी. बोटाला वत्सलेची सहा वर्षांची मुलगी. सुधाला ताप होता म्हणून वत्सलेनं आत्यासोबत पाठवलं होतं. मी अमरावती सोडल्यावर आत्याची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही, म्हणून ती सकाळ मला बारीकसारीक तपशिलासह आठवते.

"लेहा बाई," आत्या म्हणाली. "शोभा."

"शोभा नाई," पोरगी म्हणाली. "पंचफुला."

आत्या दचकली. "हट! आजी रागावन."

"आजी तं रोजच रागावते."

"कोनं शिकवलं तुले हे?"

"कोनी नाई. आई मले तेच म्हनते, आजी देवयात गेली का." मग तिनं शेजारच्या वर्गाकडे बोट दाखवलं. "अन् तिकडे तीन शोभा आहेत. बाईनं एक डाव हाक मारली तं तिघी उठल्या. मले नाई तसं पाह्यजे. पंचफुला एकबी नाई."

घरोघर जाऊन या नावाची वकिली केलेली बाई माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, मी नाही म्हणावं अशीच तिची अपेक्षा होती. मी टाक दौतीत बुडवला आणि दाखल रजिस्टरात लिहिलं. मुद्दाम सावकाश लिहिलं.

"लेहलं?" आत्यानं विचारलं. "कोठी आहे?"

तिला वाचता येत नव्हतं. मी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं आणि बोट दाखवलं. ती वाकली. आयुष्यभर बाळांच्या कानाशी वाकली तशी नाही, जरा भीत भीत. तिचं बोट अक्षरांच्या वरून हवेतच या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं.

"एवढं सारं माह्यं," ती म्हणाली आणि लगेच स्वतःला थांबवलं. "हिचं?"

"हो, हिचं."

"लय लंबं आहे वो. पोट्टीच्या पाटीवर माईन का?"

"मी बारीक लेहीन," पोरगी म्हणाली.

मी टीपकागद उचलला तर आत्यानं माझं मनगट धरलं. "राहू द्या बाई. सुकू द्या आपसूक."

शाई नवी होती आणि हवा दमट. आम्ही तिघी रजिस्टरावर वाकून तशाच उभ्या राहिलो. बाहेर मुलींची नावं घालायला बायकांची रांग लागली होती, पण शाई वाळेपर्यंत मी कुणालाही आत बोलावलं नाही.